धुतलेली नळी

दोस्तांनो, माझ्या खोलीवर बैठकीला येता तेव्हा बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर एक स्टीलचा डबा दिसतो. घट्ट झाकणाचा. मागं एकानं विचारलं, "काय रे, लाडू हाईत काय?" आम्ही हसलो. त्या डब्यात माझ्या लेकीच्या नळ्या असतात. एक ४ नंबरची, एक ३.५ ची. शेजारी कात्री, फीत आणि सलाईनची बाटली. तिसरी नळी लेकीच्या गळ्यात.

लेक अपुऱ्या दिवसांची. सातव्या महिन्यातच आली. श्वास घेता येईना म्हणून तोंडातून नळी घालून यंत्रावर ठेवली, महिन्याच्या वर. यंत्रानं जगवली. पण आतल्या नळीच्या घासण्यानं आवाजाच्या पडद्याखाली जखम झाली, आणि जखम भरताना श्वासाची वाटच आकसली. जास्त दिवस यंत्रावर राहिलेल्या लेकरांत असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मग गळ्याला खाली भोक पाडून त्यातून वाट काढली. ट्रॅकिऑस्टॉमी. हा शब्द मी गेटपासच्या पाठीवर लिहून घेतला आणि दुसऱ्या पाळीभर मशीनपाशी पाठ केला.

आता ती दोन वर्षांची आहे. हवा गळ्यातल्या नळीतून आत जाते, नळीतूनच बाहेर येते. आवाजाच्या पडद्यांपर्यंत ती पोचतच नाही. लेक रडते तेव्हा तोंड वाकडं होतं, डोळ्यांतून धारा लागतात, आवाज काही नाही. आपण सगळे मुक्यांचा आवाज म्हणून लिहितो. मीही तसं लिहिलंय, टाळ्या घेतल्यात. घरात खरोखरची मुकी झालेली लेक आली तेव्हा कळलं, मुक्याचं रडणं ऐकायला कान पुरत नाहीत, जागं राहावं लागतं. बायकोनं तिच्या पायांत घुंगरांचे पैंजण घातले. हौसेनं नव्हे. रात्री पाय झाडले तर कळावं म्हणून.

नळी आठवड्याला बदलायची, असं आमच्या वॉर्डानं सांगितलंय. बदलायला माणसं दोन लागतात. लेकीच्या खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी, मान जरा मागं. एकानं धरायचं, दुसऱ्यानं जुनी काढून नवी सरकवायची. नव्या नळीत वाट दाखवायला एक दांडी असते, ती लगेच ओढून काढायची. दांडी आत असेतो श्वास बंद. फीत बांधायची ती मानेच्या आणि फितीच्या मधे एक बोट जाईल इतकी. घट्ट झाली तर गळा कापते, सैल झाली तर नळी निसटते.

मग धुणं. काढलेली नळी तशीच ठेवली तर आतला कफ वाळून सिमेंटसारखा धरतो. आधी आपले हात, साबणानं, नखांपर्यंत. मी गिरणीतून आलो असेन तर कोपरापर्यंत, आणि अंगातला सदरा बाहेरच्या दोरीवर. मी कार्डिंग खात्यात आहे. तिथं कापूस विंचरला जातो, हवेत कापूसच असतो, केसांत, भुवयांत, नाकात. त्या धुळीनं वर्षानुवर्षांत कामगाराचा दम जातो. सुट्टीनंतर कामावर पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, हे आमच्या खात्यातली म्हातारी माणसं सांगत, त्याला बिसिनोसिस म्हणतात हे मला उशिरा कळलं. आपल्या नाकाला निदान केस आहेत, शेंबूड आहे, हवा गाळून आत जाते. लेकीच्या नळीला यातलं काही नाही. माझ्या सदऱ्यावरचा एक तंतू सरळ फुप्फुसात.

हात झाले की नळी वाहत्या पाण्याखाली. मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब टाकून त्यात बुडवायची. मग बारीक ब्रश, दोन्ही तोंडांनी, आणि वाकणात जास्त. मग साबणाचा बुळबुळीतपणा जाईस्तोवर खळाळायची. उजेडाकडं धरून दोन्ही तोंडांतून बघायचं. चीर पडली, कडक झाली, पिवळी पडली, तर फेकायची. पुसायची नाही. स्वच्छ कापडावर हवेतच वाळू द्यायची. पूर्ण वाळली की डब्यात.

एक सांगून ठेवतो. आमची नळी पीव्हीसीची, ती उकळली तर मऊ पडून आकार सोडते. धातूची नळी उकळतात. सिलिकॉनच्या काही उकळता येतात. नळीनळीचा कायदा वेगळा. तेव्हा हे वाचून कुणी आपल्या लेकराच्या नळीवर प्रयोग करू नका. जिथं घातली तिथं विचारा.

हे सगळं आम्हाला वॉर्डातल्या एका सिस्टरनं शिकवलं. बायको घाबरून म्हणाली होती, "घरात दवाखान्यासारखं निर्जंतुक कसं करू मी?" सिस्टर म्हणाली, "ओ आई, घरी ऑपरेशनची खोली नाही करायची. स्वच्छ करा. रोज करा. हात धुवा, आळस करू नका."

स्वच्छ. हा शब्द मी तेव्हा नव्यानं ऐकला. कारण शेजारच्या खाटेवरची बाई दुसराच शब्द बोलायची. तिच्या मुलाच्याही गळ्यात नळी. तिनं पहिल्याच दिवशी आमचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. मग तिची पाण्याची किटली खाटेच्या पलीकडच्या अंगाला गेली. ती सकाळी बाटलीतून गोमूत्र शिंपडायची, 'शुद्ध राहतं' म्हणायची. सिस्टर ओरडली, "नळीजवळ ते आणायचं नाही." एका रात्री तिच्या पोराची नळी कफानं भरली. पोर निळं पडायला लागलं. सिस्टर दुसऱ्या टोकाला एका लेकराला धरून उभी. त्या बाईचे हात थरथरत होते. माझ्या बायकोनं हात धुतले, कॅथेटर घेतला, मापानं आत घातला, पाच-सहा सेकंदांत कफ ओढून बाहेर. पोर गुलाबी झालं. ती बाई बायकोच्या हाताला धरून रडली.

सकाळी तिनं खाटेवर गोमूत्र शिंपडलं. रोजच्यापेक्षा जास्त.

बायको काही बोलली नाही. मला मात्र महाड आठवलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. मग सनातन्यांनी तळं शुद्ध केलं. १०८ घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि मंत्र म्हणत परत तळ्यात ओतलं. पाण्यात शेण ओतलं की पाणी शुद्ध, माणसानं ओंजळ लावली की बाटलं. लहानपणापासून हे भाषणात ऐकत होतो. त्या सकाळी ते दोन हात अंतरावर बघितलं. शुद्ध हे जातीचं आहे, ते शिंपडता येतं. स्वच्छ हे हाताचं आहे, त्याला ब्रश लागतो, पाणी लागतं, वेळ लागतो. शुद्ध राहिलं नाही म्हणून कुणाच्या फुप्फुसात जंतू जात नाहीत. स्वच्छ राहिलं नाही तर जातात.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख छान झाला असता. पण खरं पुढं आहे.

गेल्या थंडीत एका रात्री वीज गेली होती. पैंजण वाजले. बायको उठली. पायानं चालवायच्या पंपावर कॅथेटर लावला, तो आत जाईचना. अर्ध्यात अडला. लेकीची छाती आत ओढली जात होती, तोंड उघडं, आवाज नाही. बायकोनं फीत कापली, नळी ओढून काढली. मी मोबाईलचा उजेड धरला. डब्यातली धुतलेली नळी तिनं आत सरकवली, दांडी काढली. श्वासाचा तो फुस्स आवाज आला. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो.

सकाळी काढलेली नळी बघितली. वाकणात जुनी खपली, तिच्यावर नवा कफ थरानं चढलेला. ती नळी मीच धुतली होती. डबल पाळी करून आलो होतो, डोळे मिटत होते, ब्रश एकाच तोंडानं घातला होता. उजेडाकडं धरलीच नव्हती. नळी किती वेळा धुतली याचा हिशेब ठेवणं मी सोडून दिलं होतं, कारण हिशेब ठेवला असता तर फेकावी लागली असती. एक नवी नळी म्हणजे माझ्या दोन-तीन पाळ्या.

पाकिटावर एक खूण असते. गोलात २ चा आकडा आणि त्यावर तिरकी काट. मी बरेच दिवस तो साईज समजत होतो. त्याचा अर्थ, पुन्हा वापरू नका. ज्यानं ती खूण छापली त्याला आमची फळी माहीत नव्हती. आणि ज्यांना आमची फळी माहीत आहे त्यांनी ती खूण वाचलेली नाही.

जयंतीला एक पाहुणे आले होते. आपल्याच विचारांचे. कुणीतरी त्यांना घरी आणलं. डबा बघून ते गहिवरले. म्हणाले, "आपल्या आयाबहिणींनी शून्यातून जग उभं केलं. हीच आपली ताकद." बायको चहा गाळत होती. गाळता गाळता म्हणाली, "सायेब, नळी धुवायला मला येतंय. नवी कशी मिळंल ते कुणाला येतंय का, तेवढं सांगा."

पाहुण्यांनी चहा घेतला. मला त्यांचा राग आला, मग स्वतःचा जास्त आला. कारण मी पण तेच करत होतो. धुण्यावर कविता लिहीत होतो, नळी मागत नव्हतो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला दुसऱ्याचं धुवायला लावलं, उतरलेलं वापरायला लावलं. आता आपलेच लोक त्याला कौशल्य म्हणून हार घालायला लागले तर मागणार कोण?

तेव्हापासून मागायला लागलो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ ला, अडारकरांचा कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि पुढं १९४८ ला राज्य विम्याचा कायदा झाला. ईएसआय. जुलै २०१९ पासून त्याचा दर ठरला, कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. तो विमा कंत्राटी कामगारालाही धरून आहे, आणि घरच्या माणसांच्या औषधपाण्यालाही. आमच्या कंत्राटदारानं आमची नावंच भरली नव्हती. खात्यातल्या एकोणीस जणांनी सह्या करून अर्ज दिला. नावं भरली गेली. कार्ड आलं. नळी अजून आली नाही, अर्ज टेबलाटेबलानं फिरतोय, मी त्याच्या मागं फिरतोय. १९९६ ला पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की सरकारी दवाखान्यानं वेळेवर उपचार दिला नाही तर तो कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. कवितेच्या वहीच्या.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. वस्तीत कुणाच्या घरी असा डबा दिसला तर गहिवरू नका. कार्ड आहे का विचारा. नसेल तर बसून अर्ज लिहा. त्या घरची बाई रात्रीची झोपते का ते विचारा. तासभर सक्शन शिकून घ्या, म्हणजे ती सभेला येऊ शकेल.

आज चार दिवसांनी नळ आलाय. तिसऱ्या पाळीला जायच्या आत नळी धुवायचीय. डब्याच्या झाकणावर आता खडूनं रेघा मारतो, एका धुण्याला एक रेघ. हिच्या पाच झाल्या. आत पैंजण वाजतायत. बायको म्हणते, "काय न्हाय, खेळतीया." तरी जाऊन बघून येतो.

जयभीम.