आमचा पहिला व्यापार

माल तयार करावा व तो विकावा, याहून व्यापारात अधिक ते काय, अशी आम्हां दोघी बहिणींची दोन वर्षांपूर्वी ठाम समजूत होती. ती कशी दूर झाली, हे वाचकांस सांगावे म्हणून हा लेख.

आमची आई शिवणकाम करते. यंत्रास मोटर बसविण्यासाठी तिने १,००० रुपये साठविले होते. ते आम्ही हट्टाने मागून घेतले. एका आकाशकंदिलास २५ रुपयांचे सामान लागेल. असे ४० कंदील करू व प्रत्येकी ४० रुपयांस विकू, म्हणजे ६०० रुपये नफा! हा सारा हिशेब तोंडी. कागदावर एक अक्षरही उतरले नाही.

कामट्या बांधता बांधता धनत्रयोदशी उजाडली. तोवर बहुतेकांच्या दारी कंदील लागलेही होते. बाजारात टेबल मांडावयास ३०० रुपये भाडे पडते, हे तर आमच्या गावीही नव्हते. १७ कंदील खपले, ६८० रुपये आले, व भाडे वजा जाता आईच्या हाती ३८० रुपये ठेवले. ती काही बोलली नाही. उरलेले कंदील तिने माळ्यावर ठेविले व पुन्हा पायाने यंत्र चालवू लागली. तो आवाज आम्हांस रागावण्याहून अधिक बोचला.

आमचे मामा हिशेबनीस आहेत. त्यांनी आम्हांपुढे कोरा कागद ठेवला व म्हणाले, “पोरींनो, आधी येथे नुकसान करून घ्या, कागदावरचे नुकसान फुकट असते.” मग त्यांनी प्रश्न लिहविले. वस्तू कोणती? ती कोण घेईल, आणि केव्हा? एका नगास खर्च किती? एकही नग न खपला तरी कोणता खर्च चुकत नाही? भांडवल परत येण्यास किती नग विकले पाहिजेत? शेवटचे उत्तर काढताच आम्ही चपापलो. सामान व भाडे मिळून १,३०० रुपये. म्हणजे ३३ कंदील खपेपर्यंत नफ्याचे नाव नको!

“पण मामा, आमचे कंदील सुबक होते,” आम्ही म्हणालो. तेव्हा त्यांनी किर्लोस्करांचे उदाहरण दिले. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात. माल उत्तम असला तरी गिऱ्हाइकाच्या मनाचा विचार आधीच करावा लागतो.

गेल्या वर्षी आम्ही नवरात्रातच घरोघर विचारले, मागणी वहीत टिपली व तेवढेच २४ कंदील केले. विक्री घरच्या ओसरीवर केल्याने भाडे वाचले. सामानाचे ६०० रुपये जाता ३६० रुपये उरले. ते आईस दिले.

आईचे अद्याप २६० रुपये देणे आहे. यंदाच्या योजनेच्या कागदावर पहिली ओळ तीच लिहिली आहे.