पडण्याची विद्या

यवतमाळला कोणत्याही बाजूने या, शेवटी थोडाफार चढ चढावाच लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर आमचे गाव बसले आहे. भोवती सागाचे डोंगर, उताराला कपाशीची काळी जमीन आणि वर आकाश. पुण्या-मुंबईच्या वाचकांना एकसंध पाहायला मिळत नाही एवढे मोठे आकाश! त्याचा आम्ही फारसा उपयोग करून घेतला नाही, हे मात्र खरे. पाऊस कधी येतो हे पाहण्यापुरते आम्ही मान वर करतो. वैशाखात तापलेल्या रानावरून गरम हवा उसळते आणि तिच्यावर पंख न हलवता घारी तासन् तास तरंगत राहतात. आमच्याकडचा विमानप्रवास काय तो एवढाच.

नाही म्हणायला गावाजवळ विमानतळ आहे. तो ज्या गावी आहे त्याचे नाव भारी. पण नेहमीचे प्रवासी विमान काही तेथे येत नाही. मूर्तिजापूरला जाणारी आमची लाडकी शकुंतला गाडी होती, तीही बंद पडली. तर अशा, जमिनीवरूनच लवकर हलता येत नाही, त्या जिल्ह्यातली एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात मला म्हणाली, “काका, मला विमानातून उडी मारायला शिकायचंय.”

ही माझी पुतणी. माझे थोरले बंधू नेर तालुक्यात शेती करतात, आणि ही त्यांची धाकटी. अमरावतीला शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन ती आता एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. अमरावती म्हणजे व्यायामाचे माहेरघर. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची, आणि १९३६ साली मंडळाचे पथक थेट बर्लिनला जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. त्या हवेत चार वर्षे राहिलेली मुलगी मल्लखांबावर उलटी लटकते याचे घरात कोणाला आश्चर्य वाटत नव्हते. पण विमानातून उडी?

दादांनी फक्त एकच वाक्य उच्चारले : “कापसाले भाव नाही, अन् पोरगी पैसे देऊन पडाले चालली!”

वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे अधिक अवघड होते. शेवटी दादा माझ्याकडे वळून म्हणाले, “तू शिकला-सवरला हायेस. जाऊन पाह्य, अन् मले सांग. तू म्हनशील तसं करू.” आयुष्यभर अलंकार आणि वृत्ते शिकवणाऱ्या माणसावर ही जबाबदारी! होय म्हणावे आणि काही बरेवाईट झाले तर? नाही म्हणावे आणि मुलीच्या मनात ते जन्मभर राहिले तर? मी पुस्तके काढून बसलो. प्राध्यापकाला दुसरे काय सुचणार?

या विद्येचा इतिहास मोठा मौजेचा आहे. आंद्रे गार्नेरँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये बलूनमधून छत्री घेऊन पहिली नावाजलेली उडी घेतली. आपल्याकडे १८९० साली कलकत्त्याला रामचंद्र चॅटर्जी यांनी तसेच धाडस केले. पुढे ही विद्या लष्कराची झाली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतून घडलेल्या दुसऱ्या पॅरा पलटणीने ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशच्या लढाईत टांगाईलजवळ उतरून पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. आणि खेळ म्हणून पाहायचे, तर पुण्याच्या शीतल महाजन यांचे नाव आधी घ्यायला हवे. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती! १५ डिसेंबर २००६ रोजी त्या दक्षिण ध्रुवावर उतरल्या, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी चक्क नऊवारी नेसून उडी मारली. लुगडे, त्यावर छत्रीची बांधणी, डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांना चष्मा, असा तो वेष. हे ऐकल्यावर वहिनी पहिल्यांदा बोलल्या : “नऊवारी? सुटलं नाही?”

पण शौर्यकथांनी दादांचे समाधान होण्यासारखे नव्हते. त्यांना हवे होते ते पाहून आलेल्या माणसाचे शब्द. म्हणून आषाढात, पेरण्या उरकल्यावर, मी आणि पुतणी हैदराबादला निघालो. तेथे गंडीपेट भागात, विमानात न बसता हवेत तरंगण्याचा सराव करण्याची सोय आहे, असे कळले होते.

यवतमाळहून पांढरकवडा, पुढे टिपेश्वरच्या वाघांचे जंगल एका बाजूला ठेवून महामार्गाने पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. नदी ओलांडली म्हणून मराठी लगेच संपत नाही. आदिलाबादच्या बाजारात आम्ही चहा मराठीतच मागितला आणि तो मिळाला. हैदराबादेत माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडे उतरलो. हे मूळचे पुसदचे. छत्रीधारी पलटणीत नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दोन्ही गुडघे अजून शाबूत आहेत, याचा त्यांना पदकांपेक्षा अधिक अभिमान! दुसऱ्या दिवशी तेच आम्हाला घेऊन निघाले.

वाऱ्याचा बोगदा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर खंडाळ्याचे बोगदे आले होते. प्रत्यक्षात तो उभा, पारदर्शक भिंतींचा भलामोठा नळा असतो. प्रचंड पंख्यांनी हवा खालून वर फेकली जाते. तळाला ताणलेली जाळी. गंमत अशी, की विमानातून पोटावर पडणारा माणूस काही सेकंदांतच ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटर वेगाला पोचतो आणि मग तो वेग वाढत नाही. हवेचा अडथळा आणि त्याचे वजन यांची बरोबरी होते. आता माणूस खाली पडण्याऐवजी हवाच त्या वेगाने वर सोडली, तर माणूस जागच्या जागी तरंगेल. आमच्या वैशाखातल्या घारींचे हेच तत्त्व, पंख्याने साधलेले. आपल्या सैन्याने हिमाचल प्रदेशात बकलोह येथे असा बोगदा उभारला. मे २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

याचा उपयोग काय? दहा हजार फुटांवरून उडी मारून पाच हजारांवर छत्री उघडायची, तर मधली पडझड जेमतेम अर्ध्या मिनिटाची. त्या अर्ध्या मिनिटात नवशिका घाबरतो, गोल गोल फिरतो, आणि शिकायची वेळ संपलेली असते. बोगद्यात दोन मिनिटे तरंगला, की चार उड्यांइतका सराव झाला. आणि चुकला तर शिक्षक हाताला धरून सरळ करतो.

आत जाण्यापूर्वी वर्ग असतो. मला तो फार आवडला, कारण तेथील भाषेला व्याकरण आहे. पंख्याच्या घोंगावण्यात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून सारे बोलणे बोटांचे. दोन बोटे सरळ म्हणजे पाय लांब कर. तीच वाकवली की पाय दुमड. बोट हनुवटीखाली नेले की हनुवटी वर. अंगठा आणि करंगळी पसरून हात हलवला, की अंग सैल सोड. पुतणी आत गेली आणि धनुरासनात पडल्यासारखी कमान करून अलगद उभ्या हवेवर झोपली. मल्लखांब कामी आला. मग शिरस्त्राण चढवून मलाही आत ढकलण्यात आले. शिक्षकाने मला केलेली खूण शेवटपर्यंत एकच होती : अंग सैल सोड. ताठ राहिलो की धक्के बसत, सैल सोडले की वारा उचलून धरी. मिनिटभर मी तरंगलो, असे पुतणी सांगते.

संध्याकाळी हवालदारसाहेबांनी आपली शाळा भरवली. “सर, बोगदा फक्त पडायला शिकवतो,” ते म्हणाले, “उतरायला नाही शिकवत. उतरणं शिकावं लागतं मातीत.” आग्र्याला त्यांचे शिक्षण झाले. पंख मिळायला पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची. पण त्याआधी अनेक दिवस नुसते ओट्यावरून मातीत पडायचे. त्यांनी अंगणात करून दाखवले. दोन्ही पाय जुळलेले, गुडघे जुळलेले आणि किंचित वाकलेले. आधी तळवे टेकतात, मग पोटरी, मांडी, कुल्ला आणि पाठीची एक बाजू. जमिनीचा धक्का एका हाडाने सोसायचा नाही, साऱ्या अंगाने वाटून घ्यायचा. “आणि जमीन जवळ आली की तिच्याकडे टक लावून पाहायचं नाही. पाहिलं की पाय आपोआप पुढे जातात.”

मी वहीत एकेक नियम लिहून घेतला. पाठीवर छत्र्या दोन असतात : एक मुख्य, एक राखीव. मुख्य छत्रीची घडी शिकणाऱ्याने स्वतः घालायला शिकायची. राखीव मात्र परवाना असलेल्या तज्ज्ञानेच बांधायची, आणि अमेरिकेत दर १८० दिवसांनी ती उघडून पुन्हा बांधावी लागते. माणूस भोवळ येऊन पडला, तर ठरावीक उंचीवर राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्रही असते. विमानात चढण्यापूर्वी प्रत्येकाच्या पाठीवरचे बंद दुसऱ्याने तपासायचे. हजार उड्या झालेला असला तरी त्याचेसुद्धा. वारा नवशिक्यासाठी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की त्याने उडायचे नाही. मग दिवसभर मैदानावर गप्पा, पत्ते, घड्या घालण्याचा सराव. कोणाची पहिली उडी झाली की त्याने सगळ्यांना पाजायचे, अशी परदेशी चाल. हवालदारसाहेबांच्या मंडळींनी ती जिलबीवर भागवली होती. आणि सर्वांत मला पटलेला नियम : दारापर्यंत जाऊन कोणाला वाटले की आज नको, तर त्याने विमानातच बसून परत यावे. त्याला कोणी का विचारत नाही, कोणी हसत नाही.

मी आकडेही विचारले, कारण दादा आकडे विचारणार हे ठाऊक होते. अमेरिकेत २०२३ साली सुमारे साडेछत्तीस लाख उड्यांमध्ये दहा माणसे दगावली. ती का, तेही शिकण्यासारखे आहे. अलीकडे पुष्कळ अपघात छत्री न उघडल्याने होत नाहीत. चांगली उघडलेली छत्री जमिनीजवळ आल्यावर नको तेवढे वेगाने वळवल्याने होतात. म्हणजे घात करते ती भीती नव्हे, भीती गेल्यानंतरची बेफिकिरी.

परतीच्या वाटेवर पुतणी खिडकीशी झोपली होती. बाहेर पावसात न्हालेली कपाशी वीतभर झाली होती. आमच्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा कशासाठी, हे वाचकांना सांगायला नको. दादांच्या बांधाला बांध असलेल्या शेतातले एक घर असेच बसले. तो माणूस भित्रा नव्हता, आळशी नव्हता. एक वर्ष पाऊस चुकला, दुसऱ्या वर्षी भाव चुकला, आणि तो पडला. त्याच्या पाठीला राखीव छत्री नव्हती. आणि त्याचे बंद सैल झालेत हे मागून कोणी पाहिले नव्हते. आम्ही त्याच्या शेजारचेच होतो. पडणे कोणाला चुकले आहे? पण जे लोक हौसेने पडतात त्यांनी एकमेकांची पाठ पाहण्याचा नियम केला, आणि जे नाइलाजाने पडतात त्यांच्यासाठी आपण तो अजून केलेला नाही.

दादांपुढे मी वही वाचून दाखवली. शौर्याचा एक शब्द उच्चारला नाही. आकडे सांगितले, धोका आहे हे सांगितले, हरियाणात नारनौलला आणि परदेशात शिकण्याची सोय आहे हे सांगितले, आणि माझे मत ‘शिकू द्यावे’ असे आहे, हेही सांगितले. दुसऱ्या छत्रीपाशी आलो तेव्हा त्यांनी मला थांबवले.

“दुसरी छत्री समद्यायले असते?”

“सगळ्यांना. तिच्याशिवाय विमानात चढूच देत नाहीत.”

“अन् तपासनारा मानूस? तोबी समद्यायले?”

“तोही.”

दादा बराच वेळ बांधापलीकडे पाहत राहिले. त्यांच्या मनात कोण होते ते मी विचारले नाही. वहिनींनी हळूच मुलीच्या पाठीवर हात ठेवला, जणू बंद तपासत होत्या.

“जाऊ दे तिले,” दादा म्हणाले. “पन आधी कापूस घरात येऊ दे.”

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे सीतादही होऊन वेचणी सुरू झालेली असेल. पुतणी सुट्टीत शेतावर आली आहे. दिवसभर कापूस वेचते, आणि संध्याकाळी ओट्यावरून मऊ मातीत उड्या मारते : पाय जुळलेले, गुडघे जुळलेले. गावातली पोरे जमतात. आता तीही पडायला शिकत आहेत.