चौघांचं बिऱ्हाड

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. मग चार कलावंतांचं एकच बिऱ्हाड चाळीस वर्षं कसं टिकलं असेल?

लंडनच्या अमेडिअस क्वार्टेटमधले नॉर्बर्ट ब्रेनिन, सिगमुंड निसेल आणि पीटर शिडलॉफ हे तिघे ज्यू. हिटलरच्या धाकाने १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून पंधरा-सोळा वर्षांची ही पोरं इंग्लंडला आली, तर १९४० मध्ये ‘शत्रुराष्ट्राचे’ म्हणून इंग्रजांनीच त्यांना छावणीत डांबलं. दैवाची गंमत अशी, की ओळखी तिथेच जुळल्या! चौथे, चेलोवादक मार्टिन लव्हेट, तेवढे इंग्रज.

पण तिघेही व्हायोलिनवाले. क्वार्टेटला व्हायोलिन लागतात दोनच. तिसऱ्याच्या हाती व्हिओला. तो जरा मोठा, खालच्या सुरांचा. श्रोत्यांचं लक्षही त्याच्याकडे कमीच जातं. शिडलॉफ यांनी लाडकं व्हायोलिन खाली ठेवलं आणि व्हिओला उचलला. १० जानेवारी १९४८ रोजी विगमोर हॉलमध्ये ‘अमेडिअस’ या नावाने पहिली मैफल झाली. मग मोझार्ट, बीथोव्हन, शूबर्ट वाजवत चौघे जगभर फिरले.

१९८७ मध्ये शिडलॉफ गेले. दुसरा व्हिओलावादक मिळाला नसता असं नाही. उरलेल्या तिघांनी तो शोधलाच नाही.