श्वाननिद्रा

हिवाळ्यात शिकागोत रात्रीचे दोन वाजतात तेव्हा सांगलीत दुपारचा दीड असतो. हे गणित पाठ असूनही मी रोज रात्री फोन मुका करून झोपायचो.

दिवसा हापिसातही झोपेचंच काम चाललं होतं. शीतगृहातलं तापमान इथरनेटने कळवणारी एक डबी, वीज गेली तरी बॅटरीवर तग धरणारी. आत मायक्रोचिपची जुनी, २८ पायांची ईएनसी२८जे६० चिप. ही बया पाठवताना साधारण १६० मिलिअँपिअर खाते आणि पॉवर-सेव्हमध्ये जेमतेम सव्वा. बॅटरीवाल्याला आणखी काय हवं!

झोपवायची रीत मात्र शिस्तीची. आधी नवीन पॅकेट घेणं बंद करायचं, अर्धवट आलेलं पुरतं येऊ द्यायचं, निघालेलं जाऊ द्यायचं, मग झोप. उठल्यावर सर्किट स्थिर व्हायला ३०० मायक्रोसेकंद, आणि पलीकडच्या स्विचशी लिंक जुळायला त्याहून कितीतरी जास्त. मधल्या वेळात आलेलं सगळं गेलंच.

गंमत म्हणजे 'मॅजिक पॅकेट' ओळखायची सोय या चिपमध्ये आहे. एफएफ हा बाइट सहा वेळा, मागोमाग चिपचा स्वतःचा पत्ता १६ वेळा, असं ते पॅकेट. पण ते ऐकायला रिसीव्हर चालू लागतो. म्हणजे हाक ओळखू येते, पण जागेपणीच! झोपलेल्या पीसीचं नेटवर्क कार्ड त्यासाठी एक कान उघडा ठेवतं. ती खरी श्वाननिद्रा. २०१० च्या ८०२.३एझेड मानकात तर लिंक न तोडता डुलकी काढता येते; गिगाबिटवर १६.५ मायक्रोसेकंदांत जाग. आमची चिप मात्र कुंभकर्ण.

त्याच आठवड्यात बाबा बाथरूममध्ये पडले. सकाळी पाहतो तर आईचा एकच मिस्ड कॉल. तोवर शेजारच्या काकांनी बाबांना हॉस्पिटलात नेऊन खुब्याचं ऑपरेशनही ठरवलं होतं.

"अगं, एकदाच का केलास फोन?"

"झोपला असशील रे. म्हटलं कशाला उठवायचं."

मॅजिक पॅकेट पत्ता सोळा वेळा घोकतं. आईने एकदाच हाक मारली.

डबीचा तोडगा निघाला. तिने दर दहा मिनिटांनी आपणहून उठायचं, तापमान कळवायचं, 'माझ्यासाठी काही निरोप?' असं विचारायचं आणि पुन्हा झोपायचं. तोवर निरोप सर्व्हरने सांभाळायचे.

माझा फोन आता मुका नसतो. शिवाय झोपण्याआधी मीच सांगलीला फोन लावतो. बाबा काठी घेऊन चालतात. आई रोज विचारते, "इतक्या रात्री जागा कसा?"

असो.