तेरा नंबरचा पाना

तेहतीस वर्षे मी शाळेत शिकविले आणि त्यांतील अखेरची काही वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसलो. ‘श्रमप्रतिष्ठा’ या विषयावर मी मुलांकडून किती निबंध लिहून घेतले असतील, याची गणती नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावला सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर बनविले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, ही हकिकत मी दरवर्षी मोठ्या अभिमानाने सांगत असे. परंतु स्वतः मी मात्र खडूखेरीज दुसरे कोणतेही हत्यार हाती धरले नव्हते. लोकांना ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या कोरड्या पाषाणांपैकीच मी एक होतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या जुन्या मोटारीच्या बैठकीने हे माझ्या ध्यानात आणून दिले.

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर आमचे घर आहे. आवाराच्या एका कोपऱ्यात माझी प्रीमियर पद्मिनी उभी असते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीने इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट मोटारी बनविल्या. त्याच घराण्यातील मोटारीला १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती घराघरांत ओळखीची झाली. तिचे उत्पादन थांबूनही आता बराच काळ लोटला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. माझी गाडी मी १९९८ साली जुनीच विकत घेतली. गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाशेजारी असलेली ती गाडी पाहून आजची मुले कुतूहलाने थांबतात.

त्या पावसाळ्यात गाडीत पाणी झिरपले होते. चालकाची बैठक एका बाजूला खचली होती आणि दार उघडताच कुबट वास येई. बैठका शिवणारा कारागीर म्हणाला, “बैठक काढून आणा, आठवड्यात शिवून देतो.” मी कोणाला तरी बोलावण्याच्या विचारात होतो. तोच सहावीत शिकणारा माझा नातू म्हणाला, “आजोबा, आपणच काढू या की!” त्याच्यासमोर ‘मला येत नाही’ असे म्हणण्याची मला लाज वाटली.

काम वरवर पाहता सोपे होते. बैठक दोन लोखंडी पट्ट्यांवर पुढेमागे सरकते आणि त्या पट्ट्या चार बोल्टांनी तळाच्या पत्र्याला घट्ट बसविलेल्या असतात. बैठक मागे सारली की पुढचे दोन बोल्ट दिसतात, पुढे ओढली की मागचे दोन. नातवाने वहीच्या पानावर त्यांचे चित्र काढले, बोल्टांना क्रमांक दिले आणि चार रिकाम्या काड्यापेट्यांवर तेच क्रमांक घातले. जे ज्या क्रमाने सुटते ते उलट क्रमाने जोडायचे असते, हे त्याने मला बजावून सांगितले.

तेरा नंबरच्या पान्याने पहिले तीन बोल्ट अर्ध्या तासात निघाले. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. चौथा मात्र जागचा हलेना. मी पान्यावर सारा भार टाकला. पाना सटकला, माझी बोटे पट्टीवर आपटून सोलवटली आणि बोल्टाच्या षट्कोनी डोक्याच्या कडा झिजल्या. आणखी एकदा असा प्रयत्न केला असता, तर पाना त्यावर पुन्हा कधीच बसला नसता.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक गॅरेज आहे. त्याचा मालक माझा जुना विद्यार्थी. हाताला फडके गुंडाळून मी त्याच्याकडे गेलो. तो लगेच आला, वाकून पाहिले आणि हसला.

“सर, गंजलाय तो. भाईंदरची हवाच तशी. एका बाजूला खाडी, भोवती मिठागरे. खाऱ्या दमट हवेत लोखंड लवकर गंजते आणि गंज फुगतो. मूळ लोखंडापेक्षा तो जास्त जागा घेतो, म्हणून आटे जाम होतात.”

“मग तूच काढ बाबा,” मी म्हणालो.

“मी काढीन, सर. पण तुम्ही सुरू केलेय, तुम्हीच पुरे करा. तारेच्या ब्रशाने गंज झाडा, तेल सोडा आणि रात्रभर तसेच राहू द्या. बारीक फटींतून तेल आपोआप आत शिरते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. घाई केली की कडा जातात.” एवढे बोलून त्याने बोल्टाचे डोके चहूकडून पकडणारा रिंग पाना माझ्या हाती दिला आणि तो निघून गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हा मुलगा माझ्या वर्गात फार सावकाश लिहीत असे. एकेका शब्दाशी थबके, खिडकीबाहेर पाही आणि पुन्हा लिही. परीक्षेची घंटा होताच मी त्याच्या हातातून उत्तरपत्रिका ओढून घेई आणि निबंधाखाली लाल शाईने ‘अपूर्ण’ असा शेरा मारी. त्या अपुऱ्या निबंधांत पुढे काय येणार होते, हे मी त्याला एकदाही विचारले नव्हते. कडा झिजविण्याचे काम मी आज प्रथमच केले नव्हते.

सकाळी बोल्टावर हातोडीने हलके ठोके दिले. रिंग पाना लावून बोल्ट आधी किंचित आवळला, मग सोडविला, पुन्हा आवळला. एकाएकी ‘कर्र’ असा आवाज झाला आणि तो फिरला. नातवाने टाळ्या पिटल्या. आम्ही दोघांनी बैठक उचलून बाहेर काढली. खाली दोन नाणी, एक पेन्सिल आणि माझ्याच खडूचा तुकडा सापडला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पत्र्याला रुपयाएवढे भोक पडलेले दिसले. बैठक जागेवर असती, तर ते आणखी वाढेपर्यंत आम्हांला कळलेही नसते. गॅरेजमध्ये तेथे ठिगळ बसविले. गंज घासून त्यावर रंग मात्र आम्ही दिला.

बैठक शिवून आल्यावर ती जोडताना एक गोष्ट कळली. एकच बोल्ट पूर्ण आवळला, तर बाकीची भोके जुळत नाहीत. चारही बोल्ट आधी हाताने थोडेथोडे फिरवावेत, मगच आवळावेत. चालकाची बैठक सैल राहिली तर जिवाला धोका असतो, म्हणून गॅरेजवाल्याकडून ती तपासूनही घेतली. मुलांनो, असे काम जाणत्या माणसाच्या सोबतीनेच करावे. आजच्या मोटारींच्या बैठकीखाली तर एअरबॅगच्याही तारा असतात. त्यांना अजाणता हात लावू नये.

संध्याकाळी पाना परत करायला मी गॅरेजमध्ये गेलो. तो म्हणाला, “राहू द्या सर तुमच्याकडे. पुढच्या कामाला लागेल.”

मी लाकडी स्टुलावर बसलो आणि विचारले, “अरे, तुझे ते निबंध अर्धेच राहायचे. पुढे काय लिहायचे असायचे तुला?”

तो हात पुसता पुसता थांबला. “कोणता निबंध, सर? ते सगळेच अर्धे राहिले.”

“मग त्यांतला एक सांग,” मी म्हणालो. “आज मला घाई नाही.”