मोटारीची पोथी

कंटाळवाण्या पुस्तकांचे जगात पुष्कळ प्रकार आहेत. त्यांत माझ्या कादंबऱ्याही मोडतात, असे आमच्या घरचे मत आहे. परंतु मोटारीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेची सर कशालाच यायची नाही. शेकडो पाने, नायक एकही नाही, आणि पानोपानी "सावधान!"

यंदा मोटार घ्यायचे ठरले, तेव्हा एका सहकाऱ्याने आपल्या गाडीची पुस्तिका वाचायला दिली. गाडी दोन वर्षांची, पण पुस्तिका कोरी करकरीत! "मास्तर ना तुम्ही? मग वाचा," म्हणून हिने ती माझ्यापुढे ठेवली.

घ्यायची होती हायब्रीड. म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेचे यंत्र जिच्यात एकत्र नांदतात ती. जपानात टोयोटाची प्रियस १९९७ साली निघाली. आपल्याकडे २०२२ साली आलेल्या ग्रँड व्हिटारा, हायरायडर या ऐसपैस गाड्यांतही हा संसार थाटलेला आहे. त्यात पुन्हा दोन पोटजाती. 'माइल्ड'मध्ये वीज इंजिनाला नुसता हातभार लावते. 'स्ट्राँग'मध्ये ती काही वेळ एकटीच गाडी ओढते. पसरणीचा घाट उतरताना ब्रेक लावला, की वाया जाणाऱ्या वेगाचीच वीज होऊन बॅटरीत साठते. रात्रीच्या उरल्या भाताला सकाळी फोडणी देणाऱ्या गृहिणीचेच हे शहाणपण!

टायरांतली हवा झाली, नारिंगी तारांना हात लावू नये हे झाले. मी पेंगू लागलो. तोच एक सूचना आडवी आली. गाडी विजेवर चालत असता इंजिनाचा आवाज होत नाही. पादचाऱ्यांना ती आल्याचे कळणार नाही, तरी जपून चालवावी.

माझी झोप उडाली. आमचे आप्पा ८२ वर्षांचे. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढेच दिसते. तरीही रोज सकाळी काठी टेकीत ते गल्लीच्या टोकाच्या मारुतीला एकटे जातात. दूधवाल्याची फटफटी, शाळेची रिक्षा, सारे कानांनी ओळखून बाजूला होतात. तेवढेच स्वातंत्र्य त्यांच्यापाशी उरले आहे. आणि त्यांच्याच अंगणातून पावले न वाजवता निघणारी गाडी मी आणणार होतो! जाहिरातीला दिसतो तो मोटारीत बसणारा. मोटारीपुढून चालणारा दिसला तो या रुक्ष पोथीला.

कमी वेगात मुद्दाम आवाज करणारे यंत्र काही गाड्यांना बसवलेले असते, असे चौकशीअंती कळले. मग आप्पांनाच घेऊन आम्ही दुकानात गेलो. विक्रेता रंग दाखवू लागला. मी म्हटले, "आधी गाडी यांच्यापुढून सावकाश न्या."

तीन वेळा ती पुढून गेली. आप्पा मान तिरकी करून ऐकत होते.

"लांब कुणी तंबोरा जुळवतंय जणू," ते म्हणाले. "ओळखीन मी हिला."

गाडी ठरली. रंगावरून आमच्या घरात अजून वाद आहे. त्यात आप्पा पडत नाहीत. मी मात्र पोथीची उरलेली पाने रोज रात्री नेमाने वाचतो. कोण जाणे, पुढल्या पानावर आमच्यातलेच आणखी कुणी भेटायचे!