क्रमाचा हिशेब

शेअर बाजार हा विषय मराठीच्या प्राध्यापकांच्या गप्पांत पूर्वी क्वचितच येई. निवृत्तीनंतर दरमहा ठरलेली रक्कम ज्यांच्या हाती पडणार होती, त्या पिढीला निर्देशांकाकडे लांबून पाहणे परवडत होते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना मात्र परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू झाली. पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आली, तीत सुधारणा झाल्या, पर्यायही आले. तरी आम्हा चाळिशीतल्या अनेकांच्या म्हातारपणाचा काही भाग तेव्हापासून बाजाराशी बांधला गेला, तो गेलाच. विनाअनुदानित महाविद्यालयांत आयुष्य घालवलेल्यांची स्थिती तर याहून बिकट.

बाजार कोसळला की एकच उपदेश सर्वत्र ऐकू येतो : घाबरू नका, थांबा. त्याला इतिहासाचा आधारही आहे. जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आठ हजारांखाली उतरला आणि कालांतराने सावरला. २३ मार्च २०२० या एकाच दिवशी तो ३,९३५ अंकांनी घसरला. जानेवारी २०२१ मध्ये त्याने पन्नास हजारांना स्पर्श केला. त्या मार्चमध्ये हा उपदेश मी एका निवृत्त ज्येष्ठ प्राध्यापिकेला फोनवर ऐकवला. त्यांना निवृत्तिवेतन नव्हते. होती ती भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, आणि तिचा बराचसा भाग म्युच्युअल फंडांत. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी थांबेन गं, पण किराणा थांबत नाही."

या वाक्याने मला आकडेमोड करायला लावली. समजा, दहा लाख रुपये आहेत आणि तीन वर्षांत बाजार अनुक्रमे तीस टक्के घटतो, दहा टक्के वाढतो व तीस टक्के वाढतो. रकमेला हात लावला नाही, तर अखेरीस दहा लाख एक हजार उरतात. क्रम उलटा केला तरी उत्तर तेच. आता दरवर्षाच्या शेवटी खर्चासाठी एक लाख काढा. घट आधी आली, तर तीन वर्षांनी ६ लाख २८ हजार उरतात. घट शेवटी आली, तर ७ लाख ५४ हजार. सरासरी तीच, वर्षे तीच, फरक १ लाख २६ हजारांचा. उलट माझ्यासारखी नोकरदार व्यक्ती दरवर्षी एक लाख भरत असेल, तर आधीची घट तिला तेवढ्याच रकमेने लाभदायक ठरते, कारण पुढची खरेदी स्वस्तात होते. म्हणजे जी पडझड मला संधी, तीच त्यांना झीज.

वास्तविक साहित्याच्या अभ्यासकाला हे नवे वाटू नये. त्याच घटना वेगळ्या क्रमाने मांडल्या की सुखांतिकेची शोकांतिका होते, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. सरासरी हा जणू कादंबरीचा सारांश. त्यात घटना असतात, क्रमाचे मोल नसते. माणूस मात्र सारांशात जगत नाही.

मग करायचे काय? निवृत्तीच्या उंबरठ्यावर तीन-चार वर्षांचा खर्च मुदत ठेवीत किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत वेगळा ठेवावा, म्हणजे पडत्या भावात विकण्याची सक्ती राहत नाही. उरलेल्याचा काही भाग समभागांत राहू द्यावा. महागाई वीस-पंचवीस वर्षे पाठ सोडत नाही. निवृत्ती जवळ येईल तसे समभागांचे प्रमाण बाजार चढा असतानाच हळूहळू कमी करावे. 'थांबा' हा उपदेश पाळायचा, तर त्याची सोय अशी आधी करून ठेवावी लागते.

अर्थात ही सोय त्यालाच जमते, ज्याच्यापाशी खर्च भागून काही उरते. जुन्या निवृत्तिवेतनाकडे आपण केवळ रक्कम म्हणून पाहत आलो. वर्षे कोणत्या क्रमाने येतील याची जोखीमही त्यात शासन उचलत होते. कोणी मंदीत निवृत्त झाला काय नि तेजीत झाला काय, त्याच्या ताटात फरक पडत नसे. ती जोखीम नाहीशी झालेली नाही. तिचा मोठा वाटा एकेकट्या माणसाकडे आला आहे. एकाच दिवशी नोकरीला लागलेले, सारखेच शिकवलेले, सारखीच बचत केलेले दोघे केवळ जन्मतारखेतल्या दोन वर्षांच्या अंतरामुळे वेगवेगळे म्हातारपण जगतील, आणि त्यात दोष दोघांचाही नसेल.